वीस युरोचं तिकीट बघून भुलू नका: युरोपातल्या वीकेंड ट्रिपच्या चुका

जर्मनीत मास्टर्सला आलेली आपली पोरं पहिल्याच सेमिस्टरला विचारतात, "दादा, शनिवार-रविवारात प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट तिन्ही होईल ना?" होईल की. तिन्ही गावांचे बसस्टँड बघून व्हाल.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तिकिटाचा आकडा बघून गाव ठरवणं. 'फ्रँकफर्ट हान' विमानतळ फ्रँकफर्टपासून साधारण 120 किलोमीटर लांब आहे आणि तिथे प्रवासी रेल्वे जात नाही. पॅरिसच्या नावाने खपणारं बोव्हे शहरापासून 80 किलोमीटरच्या पुढे, मेमिंगेन म्युनिकपासून शंभराच्या वर. डार्मस्टाटच्या एका ज्युनिअरने तिघा मित्रांना घेऊन हानहून इटलीचं पहाटेचं विमान पकडलं. म्हणजे मध्यरात्री घर सोडायचं, तीन वाजता विमानतळावर पोचायचं आणि बाकड्यावर डुलक्या काढायच्या. उतरल्यावर परत तासभर बस. दुपारी हॉस्टेलवर 'जरा पडतो' म्हणाला तो सात वाजता उठला, शनिवार संपला. रविवारी रात्री हानला उतरले तेव्हा शेवटची बस गेलेली. टॅक्सीचं भाडं चौघांच्या विमानतिकिटांहून जास्त झालं. सोमवारी सकाळी आठला लॅब होती, ती बुडाली. एवढं होऊन ग्रुपवर फोटोखाली काय लिहावं? "फक्त 40 युरोत इटली!"

मी घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे तास मोजतो. एका बाजूला पाचाच्या वर गेले की ते गाव सुट्टीसाठी राखून ठेवायचं. डॉइचलँडटिकेट (लोकल-रीजनल गाड्यांचा देशभर चालणारा महिन्याचा पास) असेल तर रीजनल गाडीने म्युनिकहून साल्झबुर्ग दोनेक तासांत होतं, वर दमडी लागत नाही (आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये मात्र ते चालत नाही, चढू नका). परतताना शेवटची गाडी धरायची नाही, तिच्या आधीची धरायची. जर्मन गाड्या घड्याळावर धावतात असं मानणाऱ्यांसाठी: 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या 62.5 टक्केच गाड्या वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत.

दुसरी चूक कागदांची. शेंगेन म्हणजे एरवी सीमेवर तपासणी न होता फिरता येणारे युरोपीय देश. "शेंगेन आहे, कोण विचारतंय?" विचारतात. सप्टेंबर 2024 पासून जर्मनी सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी करते आहे. नाशिकच्या एका मुलीचा व्हिसा संपलेला, रेसिडेन्स परमिटचा अर्ज वेळेत केलेला, पण हातात फक्त अर्ज मिळाल्याचा ईमेल. तशीच प्रागला गेली. येताना पोलिसांनी बसमधून उतरवलं. दोन तासांनी सोडलं खरं, पण बस काही तिच्यासाठी थांबली नाही. रेसिडेन्स परमिटचं कार्ड यायचं असेल तर आधी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे तात्पुरता कागद, मागून घ्या आणि त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघा. जर्मन निवास कायद्याच्या कलम 81(4) वर असेल तर जुन्या व्हिसासोबत जर्मनीत परत येता येतं, 81(3) वर असेल तर नाही. दुसऱ्या देशाचा पोलिस किंवा विमान कंपनीचा माणूस हा कागद ओळखेलच असं नाही, म्हणून कार्ड हातात येईपर्यंत मी सरळ जर्मनीतच फिरा म्हणतो. ऐकत कोणी नाही. कार्ड आल्यावरही पासपोर्ट सोबत हवाच, मोबाइलमधला फोटो नव्हे. लंडन आणि डब्लिन शेंगेनमध्ये नाहीत, हेही दर वर्षी कोणाला तरी तिकीट काढल्यावर कळतं.

बाकीचं थोडक्यात. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, तेव्हा फुकट आणि तोबा गर्दी. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, तीही सहा आठवडे आधी सुटतात, त्यामुळे दारात जाऊन गयावया करण्यात अर्थ नाही. वय 26 च्या आत असेल आणि युरोपीय महासंघातल्या देशाचं रेसिडेन्स कार्ड असेल तर पॅरिसच्या लूव्ह्र म्युझियमला पैसे पडत नाहीत. कार्ड खोलीवर ठेवून गेलात तर पडतात. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण महासंघात नाही, तेव्हा बासेलला उतरायच्या आधी आपल्या सिमचा रोमिंगचा दर वाचा. आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. परत आल्यावर खायचं काय, ते शनिवारी निघण्याआधीच आणून ठेवा.