शिडाच्या बोटीवर दोघंच राहताय? या चुका टाळा

ग्रेनेडापासून मार्टिनिकपर्यंतची पूर्व कॅरिबियनमधली बेटं दोघांच्या छोट्या बोटीला फार सोयीची. बहुतेक ठिकाणी एका बेटावरून पुढचं दिसतं, वारा जवळपास वर्षभर पूर्वेचा, भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. या सोयीमुळेच माणूस गाफील राहतो. आम्ही दोघं इथे बोटीवरच राहतो, आणि आसपासच्या बोटींवर ज्या अडचणी दिसतात त्यांचं मूळ बरेचदा एकच असतं: बोट एकालाच येते, दुसरं माणूस प्रवासी असतं.

ही सगळ्यांत धोक्याची चूक. बहुधा नवरा सुकाणूवर आणि बायको पाहुणी. सुकाणू धरणाराच पाण्यात पडला तर? तरंगती रिंग फेकणं, जीपीएसवर त्या जागेची खूण करणं, शीड उतरवणं, एखादा दोर पाण्यात लोंबत नाही ना हे बघून मगच इंजिन सुरू करणं (दोर पंख्यात अडकला की इंजिन गेलंच), आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर आपली जागा सांगून मदत मागणं, एवढं उरलेल्या माणसाला कुणाला न विचारता आलं पाहिजे. वेळ आली की जमेल, असं होत नाही. शांत दिवशी एक जुना फेंडर (बोटीच्या कडेला धक्क्यापासून बचावासाठी लावतात तो फुगा) पाण्यात टाका आणि बोट फिरवून तो उचलून आणा. आधी एकाने, मग दुसऱ्याने.

नांगर टाकतानाची भांडणं तर प्रत्येक खाडीत ऐकू येतात. एकजण पुढच्या टोकाला साखळीपाशी, दुसरा मागे सुकाणूवर, मध्ये वारा आणि इंजिनाचा आवाज. ओरडून काही कळत नाही, नुसता राग चढतो. हाताच्या खुणा आधीच ठरवा: पुढे, मागे, थांब, डावीकडे, उजवीकडे. आणि जागा अधूनमधून बदला.

साखळीचा हिशेबही बरेच जण चुकवतात. फक्त पाण्याची खोली धरून चालत नाही, पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंचीही त्यात मिळवायची. खोली ४ मीटर, टोक १ मीटर वर, म्हणजे ५. त्याच्या पाचपट, २५ मीटर साखळी सोडा. रात्री वारा वाढणार असेल तर सातपट, ३५. तुमचा खोलीमापक पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की बोटीच्या तळापासून, हे एकदा खात्रीने तपासून घ्या.

नांगर कुठे पडतोय तेही बघा. पाण्यात फिकट दिसते ती वाळू, गडद दिसतं ते गवत किंवा प्रवाळ. गवतावर नांगर नुसता आडवा पडून राहतो, आणि प्रवाळावर टाकणं हा तर गुन्हाच समजा. नांगर टाकल्यावर हळूहळू मागे जा, साखळी ताठ झाली की इंजिनाचा जोर वाढवा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, समजा एक माड आणि त्याच्यामागचं घर. रेष मोडली तर नांगर घसरतोय. मोडली नाही तरी मास्क लावून पाण्यात उतरा. नांगराचं पातं वाळूत पूर्ण गाडलेलं दिसलं पाहिजे. टोक वर दिसत असेल तर कंटाळा न करता पुन्हा टाका, कारण रात्री दोन वाजता तेच काम अंधारात करावं लागतं. नांगराऐवजी भाड्याचा मूरिंग बॉय (बोट बांधायला तळाशी पक्का केलेला तरंगता गोळा) घेतलात तरी त्याखालचा दोर असाच जाऊन बघा.

बेटाच्या आडोशाला वारा पडतो, म्हणून लोक पूर्ण शीड उघडतात. मग बेट संपतं आणि खुल्या सामुद्रधुनीतला वारा एकदम अंगावर येतो. सेंट व्हिन्सेंटचं उत्तर टोक यासाठी कुप्रसिद्ध आहे. शीड आडोशातच आखूड करून घ्या. डिसेंबर-जानेवारीत वारा दिवसेंदिवस जोरात राहतो, तेव्हा पाहुण्यांच्या विमानासाठी निघायची घाई नको. पाहुण्यांना एक तर तारीख सांगा, नाहीतर बेट, दोन्ही नको. प्रवाळातून वाट काढायची ती सूर्य वर आणि पाठीमागे असतानाच. समोरून उन्हाची तिरीप आली की खडक दिसत नाहीत, आणि प्लॉटरच्या (पडद्यावरच्या जीपीएस नकाशाच्या) भरवशावर आत शिरू नये.

इंजिन सुरू केल्यावर पहिली नजर मागच्या धुराड्याकडे. पाणी बाहेर पडत नसेल तर लगेच बंद करा. आधी समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा आहे का बघा, मग गाळणी (हल्ली सारगॅसम हे तरंगतं समुद्री शेवाळ सर्रास अडकतं), मग इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक. इंपेलरची पाती तुटली असतील तर तुकडे मोजून काढा, नाहीतर ते पुढे इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्सचेंजरमध्ये जाऊन बसतात.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका. भार बंद करून सकाळी ऊन यायच्या आधी १२.२ व्होल्ट दिसले तर ती निम्म्यावर आली आहे. बहुधा फ्रिज खातो, किंवा सोलर पॅनलवर बूमची (शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली पडते. थोडी सावलीही बरीच वीज घालवते.

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. 'दक्षिणेत आलो, आता काळजी नाही' हे खरं नाही. २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनेडा उद्ध्वस्त केलं, आणि १ जुलै २०२४ ला चौथ्या श्रेणीचं बेरिल वादळ ग्रेनेडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं. तिथल्या खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटीही वाचल्या नाहीत. आपल्याकडे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवतात, तोच नियम इथेही पाळावा: मोसमात बोट पाण्याबाहेर काढून पक्की बांधा, किंवा हवामानाचा अंदाज रोज बघून निघून जायची तयारी ठेवा.

राहिली कागदपत्रं. युनियन बेट सेंट व्हिन्सेंटचं आणि समोर दिसणारं कॅरियाकू ग्रेनेडाचं, म्हणजे तासा-दोन तासांत देश बदलतो. निघतानाचा क्लिअरन्स कागद (देश सोडायची परवानगी) घेतल्याशिवाय नांगर उचलू नका, पोचल्यावर पिवळा झेंडा (नोंदणी व्हायची आहे याची खूण) लावा आणि नोंदणी होईपर्यंत गावात हिंडू नका. मार्टिनिक फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) मोडत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असेल तर तिथे चालणारा व्हिसा घरून निघण्यापूर्वीच काढून घ्या.