गच्चीवरून सीएमबी मोजताय? आधी या चुका टाळा

हॉर्न (भोंग्याच्या आकाराचा) अँटेना आणि डीटीएचचा एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल वाढवणारा भाग) लावून सीएमबीचं, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचं, तापमान काढणं हा एमएस्सीसाठी झकास प्रोजेक्ट आहे. वर्णपटातली विकृती, म्हणजे आदर्श कृष्णिकेच्या (पडेल ते सगळं शोषणाऱ्या, फक्त तापमानानुसार प्रारण सोडणाऱ्या वस्तूच्या) वक्रापासूनचा फरक, त्यात सापडेल, ही आशा मात्र सोडा. सीएमबी मोजणाऱ्या कोबे उपग्रहावरच्या फिरास या वर्णपटमापक उपकरणालाही ती सापडली नाही. म्यू प्रकारची विकृती लाखात ९ भागांहून आणि वाय प्रकारची लाखात दीड भागाहून कमी आहे, एवढंच त्यातून कळलं. फिरास तरलं ते कॅलिब्रेशनवर (माहीत असलेल्या तापमानाच्या वस्तूशी माप ताडून घेण्यावर), आणि गच्चीवर आधी गंडतं तेही कॅलिब्रेशनच.

काही जण म्हणतात, प्लँक उपग्रहाचे सीएमबी नकाशे फुकट मिळतात, त्यातूनच सरासरी म्यू काढू. नाही निघत. त्या नकाशांत आकाशाच्या एका भागाचा दुसऱ्याशी फरक असतो. इथे अख्ख्या आकाशाचा सरासरी वर्णपट कृष्णिकेच्या वक्राशी ताडायचा आहे, त्यासाठी पक्क्या तापमानाची कृष्णिका समोर लागते. फिरासमध्ये ती मधूनमधून थेट हॉर्नच्या तोंडाशी आणून बसवत.

गच्चीवर एक गरम आणि एक थंड कृष्णिका मोजून सिग्नल-तापमानाची रेष आखतात. आपली 'गरम' कृष्णिका म्हणजे शोषक फोम. मे महिन्यात तो उन्हात ठेवून हवेचा थर्मामीटर वाचला, तर सगळी मेहनत पाण्यात. हवा ४५ अंशांवर असताना काळा फोम कितीतरी जास्त तापतो. तो सावलीत ठेवा, सेन्सर आत खुपसा. 'थंड' बाजूला द्रव नायट्रोजन. (कॉलेजात नसेल तर जनावरांचं कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे विचारा.) पण पुस्तकातले ७७.४ केल्विन तसेच टाकू नका. उदाहरणार्थ, नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, त्यामुळे उत्कलनबिंदू साधारण ०.३ केल्विनने उतरतो. आकाश त्याहून थंड असल्याने आलेखाची रेष पुढे वाढवावी लागते आणि ही ०.३ ची चूकही वाढून ०.४ केल्विनच्या घरात जाते.

मापात मिसळणारा वातावरणाचा वाटा काढायला अँटेना झुकवतात (तिरकं पाहिलं की हवेचा थर जाड होतो), तिथे खरा घोळ. नागपूरहून भूस्थिर उपग्रहांची माळ दक्षिणेला दिसते, सर्वांत उंच जागी क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर. तिकडे झुकवलं की टीव्हीची चॅनेलंच मोजाल. उत्तरेकडे झुका, पण फार खाली नको. शेजारची टाकी, कठडा, तापलेला स्लॅब सगळे ३०० केल्विनच्या वर. साइडलोबमधून (अँटेनाच्या बाजूंनी नको तो सिग्नल शिरतो त्या वाटेतून) त्यांचा एक टक्का आत आला तरी ३ केल्विन, म्हणजे सीएमबीहून जास्त! पावसाळ्यात हा उद्योगच नको. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी रात्र धरा.

एलएनबीचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) तापमानाबरोबर सरकतो, म्हणून गरम-थंड-आकाश ही फेरी झटपट उरका आणि पुन्हा पुन्हा करा. सप्लाय बॅटरीचा घ्या, नाहीतर खाली कूलर लागला की ग्राफ हलतो.

सगळं जमून ११ गिगाहर्ट्‌झला २.४७ केल्विन आले तर घाबरू नका. दोन्ही कृष्णिकांची तापमानं आधीच अँटेना तापमानात (सिग्नलच्या शक्तीच्या थेट प्रमाणात धरलेल्या तापमानात) बदलली असतील तर हेच उत्तर बरोबर. प्लँकच्या (कृष्णिकेच्या प्रारणाच्या) सूत्रातून उलटं गेलं की २.७२५ मिळतं. बदलली नसतील तर हीच दुरुस्ती शेवटी वेगळी करू नका. पाव केल्विन उगाच वाढेल.