नेटच्याच केबलमधून करंट नेताय? या चुका टाळा

"दिवसभर बरो चलता रे, काळोख पडलो की मरता." मालवणच्या अलीकडे काकांची कलमांची बाग आहे. तिथल्या मांगरावर (बागेतल्या खोपटावर) लावलेल्या कॅमेऱ्याची ही तक्रार. ऐन आंब्याच्या हंगामात रात्रीच बंद पडणारा कॅमेरा काय कामाचा? तोवर त्यांनी कॅमेरा एकदा आणि अ‍ॅडॉप्टर दोनदा बदलला होता.

घरातल्या राऊटरपासून मांगरापर्यंत साधारण ५५ मीटर कॅट-५ई केबल होती. मांगरात लाईट नाही, म्हणून १२ व्होल्टचा करंटही त्याच केबलमधून नेलेला, बाजारात मिळणाऱ्या त्या काळ्या छोट्या कनेक्टरच्या जोडीने (एक तुकडा घराकडे, एक कॅमेऱ्याकडे). या जोडीत ना चिप असते ना सर्किट. १०० एमबीपीएसच्या नेटला आठपैकी चारच वायरी लागतात, पिन १, २, ३ आणि ६. उरलेल्यांपैकी निळ्या दोन वायरींतून (४, ५) प्लस आणि तपकिरी दोन वायरींतून (७, ८) मायनस सोडायचा, एवढंच तिचं काम.

मी मुद्दाम तिन्हीसांजेला गेलो. कॅमेरा काढून मांगराकडच्या टोकाला मीटर लावला तर पुरते १२ व्होल्ट. आधी आलेले सगळे इथेच फसले होते. लोड नसताना वायरीत व्होल्टेज पडतच नाही, त्यामुळे हे माप घेऊन काही कळत नाही. कॅमेरा जोडलेला ठेवून मोजलं तेव्हा १०.७ आले. अंधारलं, कॅमेऱ्यातून 'टक' असा बारीक आवाज आला, रात्रीचे लालसर दिवे लागले आणि मीटर ८.९ वर उतरला. कॅमेरा गेला. पुन्हा सुरू झाला, दिवे लागले, पुन्हा गेला. रात्रभर हेच चालायचं.

हिशेब सोपा आहे. केबलमधली २४ गेजची तांब्याची एक वायर १०० मीटरला साधारण ८.४ ओहम रोध दाखवते. दोन-दोन वायरी एकत्र म्हणून निम्मा, पण जाणं-येणं धरून पुन्हा तेवढाच. म्हणजे ५५ मीटरला सुमारे ४.६ ओहम. कॅमेरा दिवसा पाव अँपियरच्या आसपास घेतो आणि रात्री दिव्यांसकट पाऊण अँपियरच्या जवळ जातो. त्यात व्होल्टेज पडलं की तेवढीच पॉवर ओढायला तो करंट आणखी वाढवतो, मग व्होल्टेज आणखी पडतं. काकांनी १ अँपियरचा काढून ३ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर आणला होता. त्याने काय होणार? दुखणं अ‍ॅडॉप्टरमध्ये नव्हतं, वायरीत होतं. स्वस्त केबल असेल तर विचारूच नका. वायर ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, आणि रोध जवळजवळ दीडपट.

काही जण घराकडे सरळ १५ किंवा १८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावतात. तसं करू नका. कॅमेरा कमी करंट घेत असेल त्या क्षणी जवळजवळ सगळं व्होल्टेज पलीकडे पोचतं, आणि कॅमेरा १२ चाच असतो.

बरोबर उपाय म्हणजे घराकडून ४८ व्होल्ट पाठवायचे आणि मांगरावर ४८ चे १२ करणारा स्प्लिटर बसवायचा. तेवढ्याच पॉवरला करंट इतका उतरतो की वाटेत जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट जातो. जमलं तर ८०२.३एएफ लिहिलेलाच पीओई (नेटच्या केबलमधून पॉवर) इंजेक्टर, म्हणजे घराकडून केबलमध्ये पॉवर सोडणारा डबा, आणि स्प्लिटर घ्या. २००३ सालचं हे स्टँडर्ड आहे. समोर २५ किलोओहमची खूण दिसली तरच असा इंजेक्टर पॉवर सोडतो, इंजेक्टरकडून १५.४ वॉट आणि केबलच्या टोकाला १२.९५ वॉटपर्यंत. साध्या जोडीला किंवा पॅसिव्ह इंजेक्टरला असली समज नाही, समोर काय आहे ते न बघता ती करंट सोडते. म्हणून नेट येतंय का हे बघायला तसल्या चालू केबलचं टोक लॅपटॉपला लावू नका. पोर्टमधले बारीक रेझिस्टर जळू शकतात.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. जुन्या केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये चारच वायरी जोडलेल्या असतील तर नेट येईल, पॉवर येणार नाही. जोडीतला नर जॅक असलेला तुकडा कॅमेऱ्याकडे, मादी जॅकचा अ‍ॅडॉप्टरकडे. उलटे लावून तासभर डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत (एकदा मीसुद्धा). गिगाबिट नेटला आठही वायरी लागतात, त्यामुळे या जोडीवर ते १०० वरच अडकतं. आणि कॅमेऱ्याच्या सॉकेटमधली पिन २.१ मिलिमीटरची, पण नर जॅकचं भोक २.५ चं असेल तर तो ढिला बसतो, वारा आला की कॅमेरा रिस्टार्ट.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि काकांचा फोन: "आता दिवसाय चलणा नाय!" मला वाटलं वीज पडली असेल. जाऊन बघतो तर स्प्लिटर वळचणीखाली उघडाच लोंबकळत होता आणि पिन हिरव्या पडलेल्या. चार आणि पाच नंबरच्या तर जवळजवळ खाऊन गेलेल्या. खाऱ्या हवेत ओल शिरली आणि वर डीसी चालू असला की प्लसकडची पिन आधी झिजते. नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, आतली ओल आतच राहते. केबलला नवा प्लग मारला, त्यात डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरलं, सगळं प्लास्टिकच्या बंद बॉक्समध्ये घातलं आणि केबल खालच्या अंगाने आत घेतली. बॉक्सच्या आधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आलं तरी तिथेच ठिबकून जातं.