डिस्चार्जच्या दिवशी घाई नको, या चुका टाळा

सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या गल्लीत कुणी अॅडमिट झालं की चार-पाच दिवसांनी मला फोन येतोच, "भाऊ, डिस्चार्ज झालाय पण सोडेनात, काय करू?" चुका दरवेळी त्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न वाचता सही. आमच्याच घरात झालीये. आत्याला पॅरालिसिसचा झटका आला, खाजगी दवाखान्यात होती, नाकातनं नळी घातलेली. शनिवारी डॉक्टर म्हणाले, सोमवारी सोडू. आमचा चुलतभाऊ म्हणजे घाईचा पुतळा, अंधाराच्या आत अक्कलकोट गाठायचं, गाडीवाला खाली हॉर्न मारतोय, आत्ताच नेतो म्हणून अडून बसला. काउंटरवर एक कागद पुढं आला, ह्याला वाटलं गेटपास असेल, ठोकली सही. तो डामाचा फॉर्म होता, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून आपल्या जबाबदारीवर पेशंट नेतोय. नळीतनं खायला कसं घालायचं ते सिस्टर सोमवारी शिकवणार होत्या, ते राहिलंच. घरी जाऊन ह्यानं आत्याला उताणं झोपवूनच डाळीचं पाणी सोडलं. ठसका लागला, पहाटेपर्यंत छाती घरघरायला लागली, परत सोलापूर, नऊ दिवस आयसीयू. मी भांडायला गेलो तर त्यांनी तोच कागद पुढं ठेवला.

डामा घेणं हा पेशंटचा हक्क आहे, आणि त्या सहीनं दवाखान्याचा आधीचा हलगर्जीपणा काही माफ होत नाही. पण घरी नेल्यावर जे होतं ते आपल्या माथ्यावर. माझी सवय सांगतो, सहीआधी कागदाचा फोटो काढायचा, वरचं हेडिंग मोठ्यानं वाचायचं, गाडीवाल्याला वेटिंगचे पैसे देऊन टाकायचे. आणि सिस्टरनं करून दाखवलं म्हणून उठायचं नाही, आपण करायचं आणि तिनं बघायचं. नळीतनं घालताना डोकं उंच, झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवायचं, लघवीची पिशवी कमरेच्या खाली, दर दोन तासांनी कूस बदलायची. यूट्यूब बघून करतो म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

दुसरी चूक बिलाच्या काउंटरवर. "पैसे भरा मग पेशंट न्या" असं ऐकलं की लोक एकतर पाया पडतात नाहीतर काच फोडतात. काच फोडली तर दवाखान्यावरच्या हल्ल्याविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. त्यापेक्षा शांतपणे रुग्ण हक्क सनद कुठं लावलीय ते विचारा, २०२१ च्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमला ती दर्शनी भागात लावावी लागते. बिलाच्या वादावरून पेशंट किंवा डेडबॉडी अडवून ठेवता येत नाही, हे मानवाधिकार आयोगाच्या सनदेत आहे. पण म्हणून बिल माफ होत नाही बरं का, दवाखाना वसुलीचा दावा लावू शकतो. म्हणून जमेल तेवढं भरायचं, बाकीचं कधी देणार ते लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची.

कॅशलेस विमा असेल तर सकाळपासून पायरीवर बसू नका, आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची रिक्वेस्ट गेल्यावर तीन तासांत विमा कंपनीनं फायनल मंजुरी द्यायची असते, उशिरामुळं वाढलेला खर्च कंपनीच्या अंगावर. रिक्वेस्ट किती वाजता गेली तेवढं मात्र विचारून लिहून ठेवा.

केसपेपरची कॉपी लेखी मागा, ७२ तासांत मिळायला पाहिजे.

आणि एक, "घरी सून आहे की, ती बघेल." २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्यावर आहे, सुनेचं नाव त्यात नाही. म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण डिस्चार्जच्या वेळी सिस्टर सूचना सांगायला लागली की मुलगा फोनवर बोलत बाहेर जातो आणि सून पदरात पेन धरून लिहून घेते, हे मी किती वेळा बघितलंय.

आत्याचंही सुरुवातीला सगळं वहिनीच करायची. सहीला पुढं असलेला आमचा भाऊ रात्री दोनला कूस बदलायला उठायचा नाही. शेवटी आत्याच्या लेकीनं फ्रीजवर पाळ्यांचा कागद चिकटवला, रात्रीची पाळी त्याची. त्या कागदावर पण सही घेतलीये त्याची, ह्यावेळी वाचायला लावून.