जुन्या गाडीची सीट परत बसवताना रेल (सीट पुढे-मागे सरकते ती पट्टी) अडकत होती, माझा अनुभव

रिस्टोरेशनमध्ये सीटचा फोम, कव्हर सगळं झालं आणि सीट गाडीत ठेवली तर रेल फ्लोअरला धरणाऱ्या चार बोल्टांपैकी चौथा काही केल्या बसेना. जोर लावला नाही ते बरं झालं, कारण फ्लोअरला वेल्ड केलेल्या नटात पेंट आणि गंज भरला होता, आटेच गेले असते. तेल सोडून टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवला, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, तर काळपट चुरा बाहेर आला. आधीचे तीन बोल्ट मी लगेच टाइट केलेले त्यामुळे एक रेल तिरकी बसून सीट मध्येच अडकायची. मग चारही हातानेच सैल लावले, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवली आणि रेल समांतर आल्यावरच आवळले. सीट जागेवर धरणारा लॉक दोन्ही बाजूंना खट्टकन बसतो का ते मात्र नक्की बघा, ब्रेक मारल्यावर सीट सरकली तर जिवावर बेतेल.