डेंग्यूवर जुन्या औषधांची जोडी तपासायची, तर प्लेट अशी लावा

दोन औषधं एकत्र घातल्यावर विषाणू जास्त दबला, एवढ्यावरून जोडी जमली असं म्हणू नका. पेशीच मेल्या तरी विषाणू कमीच मिळतो. म्हणून विषाणूसह जी प्लेट (छोट्या खळग्यांची, म्हणजे वेलची, ताटली; त्यांत पेशी वाढवतात) लावाल, तीच हुबेहूब, बिनविषाणूची, त्याच दिवशी दुसरी लावायची. बाकी कशातही काटकसर करा, या प्लेटमध्ये नको.

जोडी निवडताना औषध कुठे काम करतं ते पाहा. रिबाविरिन आणि मायकोफेनोलिक ॲसिड एकाच एन्झाइमला अडवून पेशीतला ग्वानोसिनचा (विषाणूच्या प्रतींना लागणाऱ्या घटकाचा) साठा आटवतात. त्या जोडीकडून फार आशा नको. एक विषाणूला पेशीत शिरू न देणारं आणि दुसरं त्याच्या प्रती काढू न देणारं, अशी जोडी बरी. आधी दोघांची एकेकटी ईसी-५०, म्हणजे निम्मा विषाणू दाबणारी मात्रा, काढून घ्या.

९६ वेलच्या प्लेटची कड सोडा. कडेचं पाणी आधी उडतं आणि औषध नकळत तीव्र होतं. तिथे नुसता बफर (क्षारांचं द्रावण) भरा. आतल्या ६० वेलमध्ये आदल्या दिवशी प्रत्येकी १५,००० व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) घाला. दुसऱ्या दिवशी जुनं माध्यम (पेशींचं पोषक द्रव) काढा. पहिलं औषध स्तंभ २ ते ८ मध्ये : ईसी-५०च्या चौपट, दुप्पट, तेवढंच, निम्मं, पाव, अष्टमांश, शून्य. दुसरं ओळी बी ते जी मध्ये : चौपटीपासून पावपर्यंत, शेवटी शून्य. दोन्ही द्रावणं चौपट तीव्र करून प्रत्येकी ५० मायक्रोलिटर, वर विषाणूचं १०० मायक्रोलिटर (दहा पेशींमागे एक विषाणू). डीएमएसओ (औषध विरघळवणारा द्रव) स्तंभ २ ते ८ मध्ये सगळीकडे सारखा, ०.५ टक्क्यांच्या आत. स्तंभ ९ मध्ये डीएमएसओशिवाय विषाणू, १० मध्ये नुसत्या पेशी. सगळं काम बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) कॅबिनेटमध्ये आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीने.

डेंग्यू व्हेरो पेशी दरवेळी ठळकपणे मारत नाही, त्यामुळे एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून सांगणारी चाचणी) फक्त बिनविषाणूच्या प्लेटवर. विषाणूच्या प्लेटमधलं वरचं पाणी ७२ तासांनी काढून फोकस किंवा प्लाक (ताज्या पेशींच्या थरावर विषाणूने पाडलेले डाग) मोजा. ज्या मात्रेला पेशी ८० टक्क्यांखाली जगल्या, ती हिशेबातून बाद.

आता आकडेमोड. पहिल्या औषधाने एकट्याने ४० टक्के दाबला, दुसऱ्याने ३०. दोघं स्वतंत्रपणे काम करत असतील तर अपेक्षित ०.४ + ०.३ − ०.१२ = ५८ टक्के. मिळाले ७५, तर १७ जादा. १०च्या वर जादा हा जोर समजतात, पण तो शेजारच्या वेलमध्येही दिसला आणि वेगवेगळ्या दिवशी तीनदा आला तरच. एकट्या वेलमधला उंच आकडा बहुतेक पिपेटचा.

रत्नागिरी-कुडाळकडे पावसाळ्यात वेगळीच पंचाईत. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो. चार वेळा उघडलेल्या बाटलीत औषध साका होऊन बसतं आणि तुम्ही समजता तेवढी मात्रा वेलमध्ये पडतच नाही. आगोट भरतो तसं मे महिन्यातच औषधाचे छोटे भाग करून गोठवा. काढलेली नळी पुन्हा ठेवायची नाही. वीज जाऊन इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड थांबला की माध्यम जांभळट होतं. ती प्लेट टाकून द्या.

व्हेरो पेशी रिबाविरिन नीट आत घेत नाहीत, शिवाय स्वतः इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध इशारा देणारं प्रथिन) बनवत नाहीत. तेव्हा निकाल माणसाच्या यकृताच्या हू-७ पेशींत पुन्हा बघा. आणि तक्त्यात प्रत्येक मात्रेशेजारी, नेहमीच्या डोसने रक्तात ते औषध किती चढतं, तो आकडा लिहा. क्लोरोक्विन पेशींत डेंग्यू दाबतं, पण व्हिएतनाममधल्या चाचणीत रुग्णांच्या रक्तातून विषाणू लवकर गेला नाही.