भाताचे परागकोश तपकिरी का पडत होते

भाताच्या परागकोशांतून, म्हणजे फुलातल्या परागकणांच्या पिशव्यांतून, थेट रोपं वाढवायची माझी धडपड. पण दोन खरीप हंगाम माझ्या बाटल्यांत काहीच उगवलं नाही. कर्जतहून लोकलने भाताच्या लोंब्या मुंबईला आणायच्या, परागकोश पोषक माध्यमावर मांडायचे, आणि काही दिवसांत ते तपकिरी. मी माध्यमालाच दोष देत राहिले. साखर बदलली, संप्रेरकं बदलली.

चूक लोंबीच्या वयात होती. लोंबी बाहेर डोकावल्यावर मी तोडत होते. तोवर परागकण स्टार्चने भरत आलेले असतात, त्यांना रोप बनण्याकडे वळवणं अवघड. आता भात पोटरीत असतानाच तोडते, शेवटच्या दोन पानांच्या सांध्यांत साधारण ५ ते ७ सेंमी अंतर असताना. जातीनुसार हे बदलतं, म्हणून एखादा परागकोश केंद्रक रंगवणाऱ्या अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतेच. परागकणात एकच केंद्रक दिसायला हवं. मग लोंब्या ओल्या कापडात गुंडाळून १० अंशांवर ८ दिवस.

यंदा कॅलस, म्हणजे ज्यातून रोपं फुटतात तो पेशींचा गोळा, आला. बरीच रोपं पांढरी निघाली, हरितद्रव्याविना. ती जगत नाहीत, आणि इंडिका भाताचं हे जुनं दुखणं. पण अकरा हिरवी! त्यांतल्या चार रोपांच्या मुळांच्या टोकांत २४ ऐवजी १२ गुणसूत्रं मोजली, तेव्हा माझे हात थरथरत होते. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांतून हीच वाट उघडली होती.

अशा एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या, रोपाला दाणा धरत नाही. कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट केली, की वाण शुद्ध करण्याचं सहा-सात पिढ्यांचं काम एकाच पिढीत होतं. चारही रोपांना पुढच्या आठवड्यात ते द्यायचं आहे.